सम्राट काय बोलला

साहेब, तुम्ही निरोप गिळलात.

माझा भाऊ मरायच्या आधी अर्धा तास एका म्हातारीच्या पडवीत बसून बोलत होता. तो काय बोलला ते तिनं तुमच्या हवाली केलं, घरच्यांना पोचवा म्हणून. तुम्ही ते घेऊन मुंबईला गेलात, त्यात पदरचं घातलंत, सिनेमा काढलात आणि सुरुवातीला पाटी लावलीत की यातली सगळी पात्रं काल्पनिक आहेत. माझा भाऊ काल्पनिक नव्हता. त्याला दहा नंबरची चप्पल लागायची आणि तो झोपेत दात खायचा.

तुमचं नाव मी लिहीत नाही. पोस्टरवर मोठं आहे तेवढं पुरे. माझं लिहिते. मी वर्षाराणी, गडमुडशिंगीची. गावातल्या दूध संस्थेत फॅट काढते. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असतात, मी नमुना घेते, मशीनला लावते आणि आकडा सांगते. सोळा वर्षं हेच काम. दुधात कुणी पाणी घातलं असलं तर मशीनच्या आधी मला कळतं. मग तो माणूस म्हैस आजारी असल्याचं सांगतो आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत राहते. तुमचा सिनेमा मी तसाच बघितला.

आपणहून गेले नव्हते. शेजारच्या अरुणावहिनींनी नेलं. वहिनी जैनांच्या, संध्याकाळी लवकर जेवणाऱ्या, त्यामुळं दुपारचा खेळ. भाऊ गेल्यापासून मी रडले नाही हे त्यांना खटकत होतं. म्हणाल्या, बहीण-भावाचा सिनेमा लागलाय, शूटिंग आपल्याच भागात झालंय, घरात रडत न्हाईस तर निदान तिथं अंधारात तरी रड. मी म्हटलं चला.

पहिला तासभर मला हसू येत होतं. तुमच्या सिनेमातलं कोल्हापूर दर वाक्याला शिवी देतं. आम्ही देतो, नाही असं नाही, पण माणूस बघून देतो. तुमच्या नायिकेचा भाऊ मरतो आणि ती इस्त्रीच्या साडीत खिडकीपाशी बसते. आमच्यात माणूस गेलं की बाईला खिडकीपाशी बसायला कुणी सोडत नाही, बारा बायका येऊन गळ्यात पडतात आणि तेरावी विचारते, किती वाजता गेला. वहिनी मात्र डोळ्यांना पदर लावून रडत होत्या. मी मनात म्हटलं, पाणी. फॅट दोनच्या आत.

आणि मग मध्यंतरानंतर तो प्रसंग आला.

पडद्यावर पाऊस. वळणावर कलंडलेली पिकअप गाडी. नायिकेचा भाऊ त्यातनं बाहेर येतो, चालत एका पडवीत जातो आणि भिंतीला टेकून बसतो. घरात एकटी म्हातारी. ती त्याच्या हातावर उकडलेल्या आठळ्या ठेवते. फणसाच्या बिया. तो एकेक खातो आणि म्हणतो, “मावशी, पोती भिजत्यात. कुणीतरी ताडपत्री ओढा.”

मी उठून उभी राहिले. मागनं कोणतरी बोललं, “ओ बाई, बसा की. आमालाबी रडायचंय.”

मी का उठले ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचाच सिनेमा कळेल.

सम्राट माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पिकअप चालवायचा, जनावरांची पेंड पोचवायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याची फेरी चंदगडकडं असायची. दोन वर्षांमागं आषाढात, शुक्रवारी, तिथल्या एका वळणावर गाडी घसरली आणि बांधावर आपटून कलंडली. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, दाखल करण्यापूर्वी मृत. आमचे चुलते गणपतराव कागद घेऊन आले आणि आईला म्हणाले, जागीच गेला, वैनी, कळलंसुद्धा न्हाय त्याला. हे असं सांगायची आमच्याकडं रीतच आहे. त्रास झाला नाही म्हटलं की घरच्यांना एक घास तरी जातो. चुलत्यांना खोटं बोलायचं नव्हतं, त्यांनी कागद आपल्या परीनं वाचला. आणि आम्ही सगळ्यांनी ते धरून ठेवलं, जागीच गेला.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, रक्षाविसर्जन. गावच्या स्मशानात सगळा भावकीचा आणि मित्रांचा घोळका. नैवेद्य मांडला. आई, तानाबाई, तिनं रात्रीतनं तांबडा रस्सा केला होता. कुणी मिसळ आणली, कुणी भजी, कुणी तंबाखूची पुडी. त्याच्या एका मित्रानं थंड पेयाची बाटली आणून झाकण काढून ठेवली, कावळ्याला झाकण काढता येणार न्हाय म्हणून. कावळे शेडच्या पत्र्यावर बसलेले, खाली यायला तयार नाहीत.

अर्धा तास झाला, तास झाला. मग सुरू झालं ते बोलणं, जे सगळीकडं होतं. आईला सांभाळतो रे सम्राट. तुझी गाडी दुरुस्त करतो. म्हस इकत न्हाय. एकजण म्हणाला, क्रिकेटची टीम मोडत न्हाय. कावळा ढिम्म. मी पुढं होऊन काही बोलावं म्हणून सगळे माझ्याकडं बघत होते आणि माझ्या तोंडातनं शब्द येत नव्हता. कारण त्या आठवड्यात आमचं बोलणं बंद होतं.

तेही सांगते, लपवून काय करायचं. गडहिंग्लजकडची एक मुलगी आम्ही बघून आलो होतो, मी आणि आई. दवाखान्यात नर्स होती. चष्मा, मोठा आवाज, थोरल्यांच्या बोलण्यात बोलणारी. मी त्यांच्या उंबऱ्यातनं बाहेर पडता पडताच नाही म्हणून सांगितलं, आमच्या सम्राटला असली मुलगी चालायची न्हाय. घरी आल्यावर कळलं की तो तिला आधीच दोनदा भेटला होता, आणि हे स्थळ आमच्या कानावर येईल अशी व्यवस्था त्यानंच केली होती. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “आक्का, मला इचारलं असतंस तर काय झालं असतं?” आणि गप्प झाला. सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी मी संस्थेतनं परत यायच्या आधी गाडी घेऊन गेला.

तर स्मशानात मी गप्प उभी, आणि त्यात एक म्हातारी आली. पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात पिशवी. पहिल्या गाडीनं आलेली असणार. कुणाला न विचारता नैवेद्यापाशी बसली, सागाच्या पानाची पुडी सोडली आणि आठळ्या ठेवल्या.

आई तिथनंच म्हणाली, त्याला फणस सोसत न्हाय. खरंच होतं. चौथीत असताना तो फणस खाऊन ओकला होता आणि तेव्हापासनं आमच्या घरात फणस आलेला नव्हता. मी पुढं झाले. “आजी, उचला ते. त्याला काय आवडतंय ते आमाला म्हाईत हाय.”

ती उचलायला वाकली आणि तिच्या हाताशेजारी कावळा उतरला. एक आठळी उचलून गेला. मग दुसरा आला. तांबड्या रश्शाकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

सगळ्या स्मशानात कुजबुज. कोण ही, कुठली, सम्राटचं तिकडं काय होतं. चंदगडात त्यानं कुणी ठेवली होती का, हिची लेक असंल. दोन बायका तर माझ्या कानाशीच बोलल्या. चुलते पुढं होऊन म्हणाले, पावणं, कुठलं गाव तुमचं? म्हातारी त्यांना उत्तर न देता माझ्याकडं आली. म्हणाली, “पोरी, तू भैन न्हवं? मला तुझ्यासंगं बोलायचं हाय.”

मी म्हटलं, “मला न्हाय बोलायचं. तुम्ही जावा.”

ती उभीच राहिली. मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी ज्या आवाजात मी पाणी घालणाऱ्याला रांगेतनं बाहेर काढते त्या आवाजात म्हटलं. ती गेली. भावाच्या नावाला डाग लागू नये म्हणून मी तिला घालवली, असं मी वर्षभर स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. कावळ्यानं तिचं ऐकलं आणि माझं नाही, हे मला सहन झालं नाही.

आता कळलं, मी थेटरात का उठले? आठळ्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. गावानं बघितलं होतं, पण गावाला एवढंच ठाऊक की एक म्हातारी आली आणि गेली. कलंडलेल्या गाडीतनं तो चालत पडवीत गेला, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ताडपत्री! मालाचं पोतं भिजलं की सम्राटचा जीव जायचा. स्वतः भिजेल, पोतं भिजू देणार नाही. हे वाक्य मुंबईत बसून कुणाला सुचायचं नाही. ते दूध होतं, साडेसात फॅटचं.

घरी जाताना रिक्षात वहिनी म्हणाल्या, रडलीस का? मी म्हटलं, न्हाय, उद्या परत यायचंय.

तुमचा सिनेमा मी चारदा बघितला. बायकांना वाटलं मला वेड लागलं. मी त्या पडवीतला प्रसंग संस्थेच्या डायरीच्या मागच्या पानावर उतरून घेतला. सव्वातीन मिनिटांचा आहे. त्यात तो मुलगा ताडपत्रीचं बोलतो, किती वाजलं विचारतो, आणि मग म्हातारीचा हात धरून म्हणतो, “ताईला सांगा, माझा राग न्हाय.” मग आणखी एक, की ती माझी आईच हाय, आणि तिथं व्हायोलिन वाजतं. ते आईचं वाक्य तुमचं. ते मी तेव्हाच बाजूला काढलं, सम्राट असलं काही बोलला असता तर स्वतःच हसला असता. पण राग न्हाय हे वाक्य मला बाजूला काढता येईना. ताई हा शब्द खोटा, तो मला आक्का म्हणायचा. पण शब्द तुम्ही बदलला असेल आणि बाकीचं खरं असेल, असंही होऊ शकतं. तुमच्या सिनेमात बहीण-भावाचं भांडण जमिनीवरनं आहे. तेही बदललेलं असेल. भांडण होतं हे तरी तुम्हाला कुठनं कळलं?

शेवटी तुमची नायिका त्या म्हातारीला मिठी मारते. चारही वेळा थेटर रडलं. मी त्या वेळी डोळे मिटून घ्यायचे.

पोस्टरवरच्या नंबरला फोन लावला. एका मुलीनं उचलला. गोड बोलली. मी तिला आठळ्यांचं विचारलं तर म्हणाली, मॅडम, सुरुवातीला पाटी आहे ना, सगळं काल्पनिक असतं. मी म्हटलं, काल्पनिक माणसाला आठळ्या कशाला लागतात? तिनं नंबर घेतला, सर फोन करतील म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावला, सर बाहेर आहेत. तिसऱ्यांदा लावला तर म्हणाली, सर पुढच्या कथेच्या कामात आहेत. म्हणजे आता दुसऱ्या कुणाच्या तरी पडवीत.

मग मी संस्थेतनं एक दिवसाची रजा काढली आणि चंदगडची एसटी धरली.

गाडी कुठं कलंडली ते कागदावर होतं. कंडक्टरला फाटा सांगितला. उतरले तर समोर एक चहाची टपरी आणि काजूची झाडं, बाकी कुणी नाही. टपरीवाला आकाराम, पन्नाशीचा माणूस, गाळणीतनं चहा ओतत होता.

“पावणं, कुठल्या गावच्या?”

“गडमुडशिंगी.”

त्यानं गाळणी खाली ठेवली. “पेंडीवाल्याच्या कोण?”

“भैन.”

“थोरली?”

“व्हय.”

“म्हंजे म्हातारीला हाकललेली ती तुम्हीच म्हणा की.”

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्यानं कप धुतला, चहा दिला, बाकडं पुसलं आणि म्हणाला, बसा. मग त्यानं जे सांगितलं ते मी इथं लिहिते, कारण तुम्हाला ते ठाऊक आहे आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

म्हातारीचं नाव बायडाबाई. वळणावरच्या वाडीत तिचं घर, मुलगा गोव्यात कामाला. सम्राट दर मंगळवारी-शुक्रवारी तिच्या पडवीत थांबायचा. पहिल्यांदा इंजिनाला पाणी मागायला थांबला, तेव्हा ती आठळ्या भाजत होती. एक खाऊन बघितली आणि मग लागलंच त्याला. मीठ लावून खिसा भरून न्यायचा आणि गाव यायच्या आत संपवायचा. बायडाबाईनं विचारलं होतं, घराकडं न्हेत न्हाईस व्हय? तर म्हणाला होता, आमच्यात आईनं ठरवलंय, मला फणस सोसत न्हाय. आता तिला कशाला सांगू, वाईट वाटंल तिला.

मी विचारलं, “किती वर्षं खात हुता?”

“चार तरी. पावसात फणसाच्या, बाकी दिसांत ती काय असंल ते द्यायची.”

चार वर्षं. आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की त्याला काय आवडतं ते आम्हाला माहीत आहे.

अपघात झाला त्या दिवशी वाडीतली सगळी माणसं खाली भाताच्या लावणीला गेली होती. बायडाबाई एकटीच घरात. सम्राट चालत आला, भिंतीला टेकला. बाहेरनं जखम दिसत नव्हती, आत काहीतरी फुटलं असावं. एखादी गाडी येते का ते बघायला ती रस्त्यावर जायची, परत यायची. अर्ध्या तासानं एक टेंपो थांबला, त्यातनं त्याला नेलं. आठळ्या त्यानं खाल्ल्या नव्हत्या. तिनं दिल्या त्या मुठीत धरून ठेवल्या होत्या. तुमच्या सिनेमात तो खातो. खाताना बरा दिसतो म्हणून खाऊ घातलंत का?

“आणि बोलला काय?” मी विचारलं.

आकारामनं मान हलवली. “ते मला न्हाय म्हाईत. कुणालाच न्हाय. म्हातारी म्हणायची, ते त्याच्या घरच्यांचं हाय, मी वाटत फिरणार न्हाय. तुमच्याकडनं परत आली, हितंच बाकड्यावर बसली. आमी चिडलो, असली कसली माणसं म्हणून. तर आमालाच गप केलं तिनं. म्हणली, दुःखातली पोर हाय. तिला कोण भेटलं तर सांगा, माझा राग न्हाय.”

साहेब, तुमच्या सिनेमातलं तेच वाक्य.

मी त्याला पुन्हा बोलायला लावलं. तीनदा. कोण म्हणालं राग न्हाय? म्हातारी म्हणली. सम्राटनं सांगितलेलं सांगत होती का? न्हाय वो, तिचं सोताचं. तुमच्याबद्दल. आकारामला वाटलं मला ऐकायला कमी येतं.

पुढचं तुमचंच आहे, पण ऐका. त्या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही लोक आलात, शूटिंगसाठी जागा बघायला. टपरीवर वळणाची गोष्ट ऐकलीत. बायडाबाईच्या पडवीत दोन दिवस बसलात, मोबाइल तिच्या तोंडापुढं धरून. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्यातला दाढीवाला, आकाराम म्हणतो तोच मुख्य, तिला म्हणाला, आजी, आम्ही कोल्हापूरलाच चाललोय, गडमुडशिंगीला जाऊन घरच्यांना सांगतो. आकाराम तिथं होता. मग म्हातारीनं त्याला चहा आणायला पाठवलं आणि तुम्हाला सगळं सांगितलं. तो चहा घेऊन आला तेव्हा ती डोळे पुसत होती आणि तुमचा माणूस मोबाइल बंद करत होता.

त्यानंतर दर आठवड्याला ती टपरीवर यायची. विचारायची, “पोचलं असंल का रं, आकाराम?” आणि हा म्हणायचा, पोचलं की. काय म्हणणार बिचारा. मागल्या भाद्रपदात ती वारली. पोचलं असं समजून.

मी तिच्या घरी गेले. कुलूप होतं. पडवी शेणानं सारवलेली, आता पोपडे सुटलेली. मी भिंतीला टेकून बसले आणि मोबाइलमध्ये वेळ लावली. अर्धा तास म्हणजे किती, ते मला बघायचं होतं. तुम्ही बसून बघितलंय का कधी? पहिली पाच मिनिटं जातात. मग वळणावरनं एक मोटरसायकल गेली. मग कोंबडी आली आणि माझ्याकडं बघून गेली. मग काहीच नाही. मी मनात बोलायला लागले, सम्राटशी, मुलीचं, चष्म्याचं, सगळं, आणि सगळं बोलून झालं, पुन्हा बोलून झालं, तरी अकरा मिनिटं शिल्लक होती. केवढा वेळ असतो तो! माणूस त्यात कितीतरी बोलतो. तुम्ही सव्वातीन मिनिटं ठेवलीत. राहिलेली पावणेसत्तावीस कुठं आहेत?

संध्याकाळी घरी आले तर आई चुलीपुढं भाकरी करत होती. तिनं सिनेमा बघितलेला नाही, पण गावानं तिला तो सांगितलाय. गावाला आता ठाऊक आहे की तो सिनेमा आमच्यावर आहे, कारण चारदा बघणारी बाई उगाच चारदा बघत नाही. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “सम्राट बोलला न्हवं, राग न्हाय म्हणून? मला लई बरं वाटलं बघ. मीबी गेलतो की ती पोरगी बघाय.”

दोन वर्षांत पहिल्यांदा ती रात्रभर झोपते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, माझा पोरगा जाताना राग सोडून गेला. मी तिला आकारामचं बोलणं सांगितलेलं नाही. आठळ्यांचंही नाही. तिला पाणी घातलेलं चाललं, तिचं वय आहे. मी सोळा वर्षं दुसऱ्याच्या दुधात पाणी शोधते, मला चालत नाही.

वहिनींना तेवढं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, धरून चाल की तोच म्हणाला असंल, कुणाचं काय बिघडतंय? मी म्हटलं, वहिनी, मी आयुष्यभर त्याच्याबद्दल धरूनच चाललोय. फणस सोसत न्हाय धरलं. मुलगी चालायची न्हाय धरलं. जागीच गेला धरलं. आता त्याचं शेवटचं बोलणंबी धरून चालू?

तर साहेब, आता हिशेब नाही, सरळ प्रश्न. म्हातारीला मी घालवली. ती माझी चूक, ती मी गावासमोर कबूल करते, आणि तुमच्या नायिकेनं मारलेल्या मिठीनं ती धुतली जात नाही. ती मिठी काढून टाका म्हणत नाही. सिनेमा थांबवा म्हणत नाही. माझ्या भावाचं नाव पाटीवर घाला असंही म्हणत नाही. तुम्ही माणसांना रडवलंत, रडू देत.

पण तुमच्या कुठल्यातरी मोबाइलमध्ये बायडाबाईचा आवाज आहे. ती आता नाही. सम्राट नाही. तो काय बोलला हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही माझे कुणी नाही. ते बोलणं मला पाठवा. कापून नको, नीट करून नको. त्यात तो कण्हत असेल तर कण्हणं ठेवा. मला शिव्या दिल्या असतील तर त्या शिव्या पाठवा, माझ्याच आहेत. त्या नर्स मुलीचं नाव घेतलं असेल तर तेही सांगा, तिचं लग्न अजून झालेलं नाही, मी स्वतः जाऊन तिला सांगेन. माझं नाव त्यात नसेलच, तर नाही म्हणून कळवा. मी तेही ऐकून घेईन.

राग नाही, हे सम्राट बोलला का बायडाबाई? आणि ती बोलली असेल, तर तो काय बोलला?

उत्तर द्या.